शाळा उघडणार का, गुरुजी?

श्रोतेहो, खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या मास्तराला लोक दिवसातून शंभर प्रश्न विचारतात. पोराचं नाव कधी घालायचं, दाखला कधी मिळेल, आजची खिचडी अळणी का झाली, मतदारयादीत म्हातारीचं नाव का नाही. यांतल्या पुष्कळशा प्रश्नांचा शाळेशी काही संबंध नसतो. तरीही मास्तर काही ना काही उत्तर देतो, कारण उत्तर देणे हा त्याचा धंदाच आहे. पण २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात एका बाईने मला एक प्रश्न विचारला. तो अगदी शाळेचाच होता, आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. आजचे माझे भाषण त्या एका प्रश्नाविषयी आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट हे गाव आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा मुलूख. पाऊस लहरी, आणि पोटापुरते पिकले तर नशीब. या गावाच्या परिसरातल्या एका वस्तीवर मी तेव्हा नोकरीला होतो. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणात एक लिंबाचे झाड, एवढा आमचा संसार.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आमच्याकडे वर्षाचे दोन भाग असतात. माणसे गावात असतात तो एक, आणि माणसे उसाला गेलेली असतात तो दुसरा. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर वस्तीवर येऊन लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. असे कोयतेच्या कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे परत येतात. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे अशी जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे.

मग लेकरांचे काय होते? ज्याची आजी धडधाकट असेल ते लेकरू तिच्यापाशी राहते. काही हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची आईबापांच्या बरोबर जातात, आणि फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत बसतात. जाताना आम्ही त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक देतो. हेतू असा की, जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावे. काही ठिकाणी बसवून घेतात. पण फड आज इथे तर आठ दिवसांनी तिथे, तेव्हा पत्रक पुष्कळदा पत्र्याच्या पेटीतच राहते. तात्पर्य काय, तर आमच्या शाळेचे खरे वर्ष जून ते ऑक्टोबर. या पाच महिन्यांत लेकरू जे शिकेल ते त्याचे.

आता करोनाच्या साथीची गोष्ट. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता, तो राहिला तो राहिलाच. आमची माणसे त्या वेळी कारखान्यांवर अडकून पडली होती. एप्रिलच्या मध्यास सरकारने परवानगी दिल्यावर राज्यभरातले लाखाहून अधिक ऊसतोड मजूर आपापल्या गावी परतू लागले. आमच्या वस्तीवरची आली, तेव्हा त्यांना काही दिवस वेगळे ठेवणे भाग होते. वस्तीवर रिकामी इमारत एकच, ती म्हणजे शाळा. पोरे वर्गात झोपत होती, आईबाप पडवीत चूल मांडून बसले होते, नोंदवहीत ताप लिहायला मास्तरही हजर होता. शाळेत सगळे होते, फक्त शाळा नव्हती.

जून उजाडला. मुले सगळीच्या सगळी गावात होती. पाऊसही बरा झाला. आणि शाळेला कुलूप.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे तेव्हा सांगितले जात होते, आणि ते सुरू ठेवण्यासाठी कोणी काही केले नाही असे नव्हे. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ नावाची मालिका लागत असे. नागपूरच्या आकाशवाणी केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येत होती. रोजचा अभ्यास मोबाईलवर यायचा. पण आमच्या वस्तीवर घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. बाप शेतावर गेला की फोनही शेतावर. घरी असला तर रेंज नाही, आणि रेंज असली तर त्यात भरायला पैसे नाहीत. चौथीचा एक हुशार मुलगा टेकडीवर जाऊन अभ्यास उतरवून आणायचा आणि खाली येऊन बाकीच्यांना सांगायचा. त्या महिन्यांत आमच्या वस्तीवरचा खरा शिक्षक तोच.

मी आणि माझे सहकारी, आम्ही काय करत होतो? कधी रेशन दुकानावर रांग लावायला, कधी नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला, आणि सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर ताप मोजायला आम्हांला नेमले होते. हे काम करावे लागले ही आमची तक्रार नाही. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या, हे आम्ही दर ३ जानेवारीला मुलांना सांगतो. मग साथीत मागे सरायचे कसे? तक्रार वेगळीच होती. ताप मोजायला मी शंभर उंबरे चढलो तर ते चालत होते. पण त्याच उंबऱ्यावर बसून पाच मुलांना पाढे म्हणायला लावले, तर ते चालत नव्हते.

तरीसुद्धा मी आणि माझ्या सहकाऱ्याने तसे केले. जुलै-ऑगस्टमध्ये लिंबाखाली पाच-पाच, सहा-सहा मुले लांब लांब बसवून आम्ही एक तास घेऊ लागलो. तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचे फडके, हाताला साबण. पोरे अशी धावत यायची की विचारू नका. पंधरा-वीस दिवस चालले असेल नसेल, तोच शेजारच्या गावात रोगी निघाला. गावातले एक आबा काठी टेकीत आले आणि म्हणाले, “गुरजी, तुम्ही रोज केजहून येता. रोग आला तर तुमच्याच संगं यील. आमच्या घरात ऐंशी वर्साची म्हातारी हाय.” त्यांचे काय चूक होते? दुसऱ्या दिवशी वरून तोंडी निरोप आला, की परवानगीवाचून मुले गोळा करू नयेत. आणि त्याच आठवड्यात एसटीच्या थांब्यावर एकजण मला ऐकू जाईल असे बोलला, “मास्तरांची चैन हाय. घरी बसून पगार.” म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत! खरे सांगायचे तर त्या माणसाचेही सगळे खोटे नव्हते. घरी बसलेले मास्तरही होते. पण जो बसायला तयार नव्हता, त्याला उठायची परवानगी नव्हती, हे त्याला कोण सांगणार?

आबांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या लक्षात राहिली. “आमच्या आज्याच्या टायमाला मानमोडी आली, तवा समदं गाव रानात राहायला गेलं. तवा गावात साळाच नव्हती, म्हणून बंदबी झाली नाही.” मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. आबा हसले, मीही हसलो. पण नंतर मनात आले की, शंभर वर्षांत आपण गावाला शाळा दिली खरी. परंतु साथ आली असता ती कशी चालवायची, ते काही ठरवून ठेवले नाही.

आणि मग ऑक्टोबरची अखेर आली. दसरा झाला होता. उसाच्या गाड्या भरू लागल्या होत्या. एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेच्या पायरीशी आली. मुलीचे नाव त्याच जूनमध्ये पहिलीत घातलेले. तिने शाळेचा वर्ग आतून पाहिला होता तो फक्त एप्रिलमध्ये, ताप मोजायला थांबवले होते तेव्हा. बाई म्हणाली,

“गुरजी, परवा आमची गाडी लागायलीय. साळा उघडणार असंल तर पोरीला म्हातारीपशी ठिवते. नसंल तर संगं न्हेते. म्हातारीला दिसत नाही, नुसतं घरी ठिवून पोरगी दिवसभर काय करंल? उघडंल का साळा?”

श्रोतेहो, हाच तो प्रश्न. किती साधा आणि किती शहाणपणाचा! त्या बाईने सगळा हिशेब मांडून आणला होता. त्यात एकच आकडा कमी होता आणि तो माझ्याकडे मागत होती. हंगामी वसतिगृहाचे विचारावे, तर शाळाच बंद, मग वसतिगृह कुठून चालणार? मी म्हणालो, “ताई, मला अजून काही कळवलेलं नाही. कळलं की सांगतो.” ती म्हणाली, “बरं.” रागावली नाही. मुलीला माझ्या पाया पडायला लावले. परवा गाडी लागली आणि मुलगी गेली.

पुढे काय झाले ते तारखांनीच सांगतो. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला राज्याने परवानगी दिली. शिक्षकांनी आधी तपासणी करून घ्यायची, एका बाकावर एक मुलगा बसवायचा, आणि पालकांचे लेखी संमतीपत्र आणायचे. माझे एक स्नेही माध्यमिक शाळेत आहेत. ते सांगत होते, “तपासणीच्या रांगेत उभा राहिलो, तापमापक यंत्रासाठी गावातून वर्गणी काढली, बाकांवर खडूच्या खुणा केल्या. पण संमतीपत्रावर सही कोणाची घेऊ? बाप फडावर, आई फडावर. आजीचा अंगठा चालतो का, ते विचारले तर त्याचंही उत्तर नाही.” आणि ज्याच्यासाठी संमती घ्यायची, तो मुलगाही पुष्कळदा फडावरच होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे.

पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला उघडले. लवकरच दुसरी लाट आली, शाळा पुन्हा मिटल्या, आणि २६ मार्चपासून आमच्या जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये माणसे परतली ती बंद शाळेकडेच. त्या लाटेने किती घरे उघडी केली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या शिक्षकबंधूंतलेही काही गेले. तेव्हा शाळा कधी बंदच करायला नको होत्या, असे मी मुळीच म्हणत नाही. त्या एप्रिल-मे महिन्यांत मला कोणी शाळा उघड म्हटले असते, तर मीच हात जोडले असते.

पण लाट ओसरली. जून २०२१ मध्ये पुन्हा सगळी लेकरे गावात, पुन्हा पाऊस, पुन्हा कुलूप. ज्या गावात महिनाभर रोगी नाही, तिथे सरपंचांच्या समितीने ठराव करून १५ जुलैपासून वर्ग सुरू करावेत असे ठरले, मात्र आठवी ते बारावीचेच. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले. गाड्या लागायला तेव्हा दोन-तीन आठवडे उरले होते. आणि पहिली ते चौथी, म्हणजे आमची शाळा, उघडली ती १ डिसेंबर २०२१ ला. दिवाळी होऊन गेली होती. गाड्याही गेल्या होत्या. मी फळा पुसला, हजेरीपट उघडला आणि नावे वाचू लागलो. एकामागून एक नावे वाचत होतो आणि ‘उसाला’, ‘उसाला’ असे मागे राहिलेली मुले सांगत होती. पुढे १० जानेवारी २०२२ पासून राज्याने शाळा पुन्हा बंद केल्या. त्या २४ जानेवारीपासून उघडायला सुरुवात झाली. फडावरच्या मुलांना यातले काही कळलेही नसेल.

आता त्या मुलीचा हिशेब करा. जून २०२० मध्ये तिचे नाव पहिलीत घातले. शाळा बंद असताना ती गावात होती आणि शाळा उघडली तेव्हा ती फडावर होती. दोनदा तसेच झाले. २०२२ च्या एप्रिलमध्ये शाळा महिनाअखेरपर्यंत पूर्णवेळ चालवाव्या असा आदेश होता, म्हणून तिला थोडे दिवस मिळाले. आणि जून २०२२ मध्ये ती तिसरीत येऊन बसली. कागदावर दोन इयत्ता पास झालेली, आणि ‘क’ कोणता ते दाखवता न येणारी.

ही तिची एकटीची गोष्ट नव्हे. जगभर दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा एप्रिल २०२० च्या सुमारास बंद होत्या. पण उघडण्याची रीत सगळीकडे एकच नव्हती. डेन्मार्क देशाने १५ एप्रिल २०२० पासूनच शाळा उघडायला घेतल्या, आणि पहिल्या उघडल्या त्या धाकट्या मुलांच्या. मोठा मुलगा पुस्तक घेऊन घरी बसू शकतो. धाकट्याला पुस्तक वाचायचे कसे, तेच शिकायचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनीही जुलै २०२१ मध्ये सांगितले होते की, शाळा उघडायच्या झाल्यास आधी प्राथमिक उघडाव्या. आपण मात्र शिडी वरच्या पायरीकडून चढू लागलो. त्याला कारणे होती. दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या, मोठी मुले तोंडावरचा मास्क नीट सांभाळतात, हेही खरे. पण ज्यांची परीक्षा नव्हती, ती सर्वांत मागे राहिली. ‘असर’च्या पाहणीत २०१८ साली देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ जणांना दुसरीचा धडा वाचता येत होता, २०२२ मध्ये तो आकडा सुमारे २० वर आला. आधीच तो फार मोठा नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

मग पुन्हा अशी साथ आली तर काय करावे? मी मोठा विद्वान नाही. वस्तीवर जे दिसले त्यावरून दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली ही की, शाळा कधी बंद ठेवायची ते रोगावरून ठरावे. परंतु ती कधी उघडायची हे ठरवताना मुले गावात कधी असतात तेही पाहावे. साऱ्या राज्याला एक तारीख म्हणजे आमच्यासारख्या गावांना पुष्कळदा चुकीची तारीख. सरपंच, आरोग्याचे अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी बसून ठरवावे, ही जुलै २०२१ मधली योजना चांगली होती. ती धाकट्या वर्गांनाही लागू असती, तर आमच्या वस्तीला जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने मिळाले असते. दुसरी गोष्ट, इमारत बंद असली तरी झाडाखाली पाच मुले बसवण्याची मोकळीक मास्तराला लेखी असावी, आणि ती कोणत्या अटींवर, हेही लेखी असावे. म्हणजे आबांनाही धीर आणि मास्तरालाही. तिसरी गोष्ट, काही ठरले नसेल तर ‘अमुक तारखेपर्यंत ठरवू’ एवढे तरी सांगावे. गरीब माणूस ‘नाही’ हे उत्तर सोसतो आणि त्याप्रमाणे सोय लावतो. ‘अजून कळवलेलं नाही’ या उत्तराची सोय लावता येत नाही.

आणि जे होऊन गेले त्याचे काय? त्या वर्षी पहिलीत नाव घातलेली मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत. अंगाने वाढली आहेत, मिसरूड फुटू लागले आहे, म्हणून वाचता येत नाही हे सांगायला लाजतात. आपल्या गावातही अशी मुले असतील. त्यांना वर्गात उभे करून वाचायला लावू नका. शाळा सुटल्यावर, ओट्यावर, कोणी पाहत नाही अशा वेळी जवळ बसवा. दोन वर्षे त्यांनी गमावलेली नाहीत. ती त्यांना मिळालीच नाहीत. यात त्यांचा दोष काडीचाही नाही.

त्या मुलीला मी तिसरीच्या वर्गात पहिलीचे पुस्तक दिले. चार महिने मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर ती बसली. ऑक्टोबर आला, दसरा झाला. तिची आई पुन्हा पायरीशी आली. या वेळी तिने काही विचारायच्या आतच मी म्हणालो, “ताई, शाळा उघडी राहणार आहे.” तिने पिशवीतून मुलीचे धुतलेले दोन परकर काढून दाखवले आणि म्हणाली, “म्हणूनच म्हातारीपशी ठिवायलीय.” गाडी गेली, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या नावापुढे मी ‘हजर’ लिहिले. नोकरीत मी ते अक्षर हजारो वेळा लिहिले असेल. त्या दिवशी मात्र ते जरा सावकाश लिहिले.